जागा तिची हाय

“हा ओढा धरून खाली उतरायचं, की गाव लागतंच,” मी छातीठोकपणे म्हटलं.

सासूबाई थांबल्या. अंगावर हिरवी सुती साडी, त्यावर निनादचं जुनं जाकीट, पायांत माझे गमबूट आणि हातात निळ्या बेरींनी अर्धी भरलेली बादली. त्यांनी चारी बाजूंना बघितलं. जिकडे नजर जाईल तिकडे सरळसोट झाडं, आणि झाडांखाली गुडघाभर उंचीची बेरींची झुडपं.

“कुठलं गाव?”

“लागेल कुठलंतरी.”

“कोंबडा आरवत नाय, कुत्रा भुंकत नाय, धूर दिसत नाय. गाव काय तुझ्यासाठी आता बांधणार हायत?”

मी हसून वेळ मारून नेली. पुण्यात असताना मी ट्रेकिंगच्या ग्रुप्सना सह्याद्रीत फिरवायचे. वाट चुकली की ओढा धरायचा, तो खाली नेतो, आणि खाली कुणाचं तरी भातखाचर, कुणाचा तरी गोठा असतोच. या एका नियमावर मी कितीतरी लोकांना सुखरूप घरी आणलं होतं. त्याच तोऱ्यात मी फोनही गाडीत सोडून आले होते. मला कशाला हवाय नकाशा!

उत्तर स्वीडनमध्ये, उमेओला, राहायला आल्यानंतरचा तो आमचा दुसरा उन्हाळा. निनाद तिथल्या विद्यापीठात संशोधन करत होता. मला एका बालवाडीत नोकरी लागली होती, आणि ती बालवाडी अर्धा वेळ जंगलातच भरायची. पाऊस असो, चिखल असो, पोरांना जाड कपड्यांत कोंबायचं आणि झाडांत सोडून द्यायचं. पोरांपेक्षा मीच जास्त हुंदडायचे. खारीचं घरटं, बीव्हरनं कुरतडून आडवं केलेलं झाड, दगडावरचं मऊशार शेवाळ, काय बघू नि काय नको असं व्हायचं. सुट्टीच्या दिवशीही मी घरात टिकत नसे.

आणि त्याच उन्हाळ्यात निनादला पुण्याच्या एका संस्थेनं बोलावलं. त्यानं माझ्यासमोर सरळ मांडलं. “आई तिकडे एकटी आहे. ती इथे येऊन राहायला तयार असेल तर आपण राहू. नसेल तर परत जाऊ. हा उन्हाळा तिला इथे आणून बघू.”

तो एकुलता एक. त्याचं चुकत नव्हतंच. पण मला तिथून हलायचं नव्हतं. अगदी मनापासून नव्हतं.

सासूबाई लांजा तालुक्यातल्या आपल्या गावाहून आल्या आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसल्या. घर छान म्हणाल्या. रस्ते स्वच्छ म्हणाल्या. रात्री अंधार पडत नाही म्हटल्यावर पडदे ओढून झोपल्या. मग एक दिवस म्हणाल्या, “सगळं बेस हाय गो. पण माणसं कुठल्या कपाटात ठेवलीत?” त्यांची जायची तारीख जवळ येत चालली तसा माझा जीव टांगणीला लागला. त्यांना एकदा जंगल दाखवायचं, जंगल बघितल्यावर कोकणातल्या बाईला इथे आवडणार नाही असं होणारच नाही, असा माझा बेत. निनाद कामावर गेला आणि मी त्यांना गाडीत घालून निघाले.

सुरुवात झकास झाली होती. निळ्या बेरी बघून त्या हरखल्या. पण बादली अर्धी झाल्यावर त्यांनी विचारलं, “ही कुणाची जागा?”

“कुणाचीच नाही. म्हणजे जमीन कुणाची तरी असेल, पण जंगलात कुणीही फिरावं, कुणीही बेरी तोडाव्यात. इथे सगळ्यांचा तो हक्क आहे.”

“कुणीपण? कुणी लपवत नाय?”

“कशाला लपवायचं?”

“मग मजा काय तोडण्यात?” त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

मग त्यांनी मला अळंब्यांचं सांगितलं. निनादकडून मी ऐकलं होतं, पण त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच. गावाच्या वर सडा, म्हणजे कातळाचं पठार, आहे, त्या सड्यावर एका ठिकाणी श्रावणात अळंबी निघतात, दरवर्षी तिथेच. ती जागा सासूबाईंना त्यांच्या सासूनं दाखवली होती. फटफटायच्या आधी जायचं, अळंबी टाळ्याच्या, म्हणजे पाल्याच्या डहाळ्यांच्या, भाऱ्यात लपवायची, आणि येताना वेगळ्याच वाटेनं यायचं. त्यांच्या धाकट्या जावेनं आयुष्यभर त्या जागेचा माग काढला होता. एकदा ती मागून येतेय हे कळल्यावर सासूबाईंनी तिला सड्यावर उन्हं वर येईपर्यंत गोल गोल फिरवलं आणि शेवटी देवळात नेऊन सोडलं.

“अजून नाय मिळाली तिला,” त्या समाधानानं म्हणाल्या.

“निनादला माहितीये?”

“छे! त्याच्या पोटात काय राहत नाय.”

हे ऐकत, हसत, एका झुडपावरून दुसऱ्या झुडपाकडे जात आम्ही गाडीचा रस्ता कुठल्या दिशेला राहिला ते विसरलो. आणि मग मला तो ओढा सापडला.

ओढा धरून आम्ही बरंच चाललो. उतार जाणवेना. सह्याद्रीतला ओढा कसा उड्या मारत घाई करत जातो. हा आपला टंगळमंगळ करत, मध्येच वळून मागे जात, मध्येच शेवाळाखाली दडी मारत. गोठा नाही, खाचर नाही. आणि मग झाडं बुटकी झाली, विरळ झाली, आणि ओढा चक्क संपला. समोर एवढी मोठी मोकळी दलदल. माझा नियम त्या दलदलीत बुडाला.

“लागलं गाव?” सासूबाईंनी विचारलं.

मी काही बोलणार एवढ्यात त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. दलदलीच्या पलीकडच्या कडेला काहीतरी काळं हललं. आधी पाय दिसले, काठ्यांसारखे लांब. मग म्हशीपेक्षा उंच धड, मग ते लोंबतं नाक. एल्गची मादी! सांबराच्या जातीतलंच, पण त्याच्या दुप्पट. तिच्या मागे तपकिरी पिल्लू. इतके महिने मी हिच्या पायांचे ठसे शोधत फिरले होते, पोरांना चित्रं दाखवली होती, आणि आज ती धडधडीत समोर! 

“आई, एल्ग! खरीखुरी!”

“कुणाची गो ही?”

“कुणाची नाही. रानातलीच.”

“पोर हाय तिच्याबरोबर,” त्या कुजबुजल्या. “वाट सोड. व्यालेल्या जनावराच्या आड जायचं नाय.”

आम्ही मागे सरकलो आणि झाडांची कड धरून दलदलीला लांबून वळसा घातला. एल्ग कान हलवत आमच्याकडे बघत राहिली, मग पिल्लाला घेऊन डुलत डुलत झाडांत शिरली. मी वळून वळून बघत होते, म्हणून पायाखाली काय आहे ते आधी सासूबाईंनी बघितलं.

“अगो बाय! हे काय?”

शेवाळातून एकेक देठ वर आला होता, आणि प्रत्येक देठावर एकच फळ. केशरी, टपोरं, आतून दिवा लावल्यासारखं. एक नाही, दोन नाही, आख्खी दलदल! उतरत्या उन्हात सगळीकडे केशरी ठिपके.

 ते योर्ट्रॉन होतं. उत्तरेतली माणसं ज्याच्यासाठी जीव टाकतात ते. बालवाडीतल्या माझ्या मैत्रिणी मला हवं ते सांगायच्या, नवऱ्याची भांडणंसुद्धा, पण योर्ट्रॉन कुठे मिळतं म्हटलं की एकदम हवापाण्यावर यायच्या.

“खायचं असतं?”

“खा, आई, खा!”

त्यांनी एक तोंडात टाकलं, डोळे मिटले. “आंबट. नाय, गोड. नाय गो, कसलं म्हणू?” आणि खदखदून हसल्या. उमेओला आल्यापासून मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं. मग काय, आम्ही दोघी तुटूनच पडलो. निळ्या बेरी माझ्या टोपीत ओतल्या आणि बादली मोकळी केली. डास फोडून काढत होते, गमबुटांत पाणी शिरलं होतं, वाट चुकलोय हेसुद्धा आम्ही विसरलो. त्या पलीकडून ओरडायच्या, “हिकडे ये, हिकडे लय हायत!” आणि मी धावत जायचे.

बादली भरत आली तेव्हा मागे फांदी मोडल्याचा आवाज आला.

एक म्हातारी उभी होती. सासूबाईंच्याच वयाची. डोक्याला रुमाल, हातात दोन बादल्या, दोन्ही रिकाम्या. ती आमच्याकडे बघत होती, मग आमच्या बादलीकडे.

“तुम्हाला ही जागा कुणी सांगितली?” तिनं विचारलं.

माझी स्वीडिश तेव्हा बालवाडीतलीच होती. नाक पूस, बूट घाल, ढकलू नकोस. त्यातूनच मी कसंबसं सांगितलं की कुणी नाही सांगितली, आम्ही वाट चुकलो, ओढ्यामागून आलो. गाडीच्या रस्त्याकडे कसं जायचं, तुम्हाला माहितीये का?

तिनं ओठांचा चंबू करून सूं करून श्वास आत ओढला.

“हिला दमा हाय काय?” सासूबाई घाबरल्या.

“नाही, ‘हो’ म्हणाली. इकडे उत्तरेत ‘हो’ असंच म्हणतात.”

पण ‘हो’ म्हणूनही बाई हलेना. तिची नजर आमच्या बादलीवरून सुटत नव्हती. मी गडबडून म्हटलं, “इथे तोडायला परवानगी आहे ना?” तिनं पुन्हा श्वास ओढला. परवानगी होती. पण तिचा चेहरा कोणीतरी घरात शिरून चूल उकरावी असा झाला होता.

“काय म्हणते ती?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही. तोडा म्हणते. तसाही सगळ्यांचा हक्क आहे.”

सासूबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. वरपासून खालपर्यंत, त्या रिकाम्या बादल्यांपर्यंत. “हक्क असंल,” त्या म्हणाल्या. “जागा तिची हाय.”

आणि मला काही कळायच्या आत त्या दलदलीतून पचपच करत तिच्यापर्यंत गेल्या, आणि आमची भरलेली बादली तिच्या बादलीत उपडी केली. सगळीच्या सगळी. तळाशी चिकटलेली दोन फळंसुद्धा बोटानं काढून टाकली.  इतकं योर्ट्रॉन मला पुन्हा जन्मात मिळणार नव्हतं.

बाईनं आपली बादली खाली ठेवली. मग तिनं स्वतःचं नाव सांगितलं, गुनवोर, आणि मानेनंच चला म्हणाली.

गुनवोर पुढे, मागे सासूबाई, शेवटी मी. ती झपाझप चालत होती. एका मोठ्या दगडाला वळसा, मग पडलेलं झाड, मग डावीकडे, मग पुन्हा डावीकडे. थोड्या वेळानं आणखी एक मोठा दगड आला. त्याच्या डोक्यावर इवलंसं रोप उगवलं होतं. मघाच्या दगडावरही अगदी असंच होतं.

“आई,” मी हळूच म्हटलं, “आपण इथून मघाशी गेलो होतो.”

“मग! चकवते ती आपल्याला,” त्या खुशीत म्हणाल्या. “बघ कशी डावीडावीकडे नेते. मी जावेला अशीच नेली होती.”

“पण उशीर होतोय! निनाद घरी आला असेल.”

“थांब जरा.”

त्या जागीच थांबल्या. गुनवोरनं वळून बघितलं. सासूबाईंनी जाकिटाची चेन खाली ओढली, आतून साडीचा पदर काढला, आणि तो डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढून घेतला. मग आंधळ्यासारखा हात पुढे केला.

“तूपण मीट डोळे,” पदराआडून त्या मला म्हणाल्या. “आणि तिला सांग, आता सरळ ने.”

मी सांगितलं.  त्या शांत जंगलात गुनवोर अशी मोठ्यानं हसली, की वरून एक पक्षी फडफडत उडाला. तिनं सासूबाईंचा हात धरला, सासूबाईंनी माझा, आणि आम्ही निघालो. मी डोळे घट्ट मिटले होते. पायाखाली मऊ, मग कडक, मग पुन्हा मऊ. राळेचा वास, ओल्या मातीचा वास, कुठेतरी लांब सुतारपक्षी. घाटात इतकी वर्षं डोळे उघडे ठेवून फिरले, पण जंगल असं अंगावर कधी आलं नव्हतं. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं.

डोळे उघडले तेव्हा समोर मातीचा रस्ता होता, आणि थोड्या अंतरावर आमची गाडी. अगदीच जवळ होतो आम्ही.

गुनवोरनं आमची बादली घेतली आणि तिच्यात आपल्या ओंजळीनं योर्ट्रॉन टाकलं. अर्धी भरेपर्यंत. मग सासूबाईंकडे बघत मला म्हणाली, “हिच्याकडेही जागा आहे ना? गावाकडे?”

मी विचारलं. सासूबाईंनी ओठांचा चंबू केला आणि सूं करून श्वास आत ओढला. गुनवोरचे डोळे चमकले.

“माझी माझ्या आईनं मला दिली,” ती म्हणाली. “मी माझ्या सुनेला देणार आहे. हिनं कुणाला दिली?”

मी ते सासूबाईंना मराठीत सांगितलं.  त्यांनी पदर सारखा केला आणि गाडीत जाऊन बसल्या.

आम्ही घरी निघालो. मग एकदम त्यांनी विचारलं, “तुला हिथून जायचं नाय ना?”

खोटं बोलणं जमलं नाही. “नाही आई. मला इथे फार आवडतं. पण तुम्ही तिकडे एकट्या, त्यामुळे...” 

“रस्त्याकडे बघ,” त्या म्हणाल्या.

निनाद दारातच उभा होता, पांढराफटक. “कुठे होतात? फोन का उचलत नव्हतीस? पोलिसांना कळवणार होतो मी! वाट चुकलात?”

मी तोंड उघडलं, पण सासूबाई माझ्या आधी बोलल्या. “वाट कशाला चुकतोय? मला बसायचं होतं जरा झाडाखाली. तिला गप्प कर म्हटलं फोन.” आणि त्याच्या हातात बादली देऊन आत गेल्या. त्यांच्या गमबुटातून पाणी ठिबकत होतं.

“हे कुठे मिळालं?” निनादनं बादलीत बघत विचारलं.

“जंगलात,” सासूबाई आतून म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी जाण्याराहण्याचा विषय काढला नाही. निनादनं दोनदा काढला तर दोन्ही वेळा त्या पोळ्या लाटायला उठल्या. पुण्याला उत्तर द्यायची वेळ आली. मला रात्री झोप लागेना; त्यांच्या मनात काय आहे ते चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

विमानतळावर निनाद त्यांच्या सामानाला पट्ट्या लावून घ्यायला गेला. तेवढ्यात त्यांनी मला जवळ ओढलं. मला वाटलं, आता सांगणार. 

“नीट ऐक,” त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. “आपल्या काजीच्या बागेतून वर चढलं की सडा लागतो. सड्यावर म्हशी बसतात ते तळं. तळं उजव्या हाताला ठेवायचं. पुढं किंजळीची तीन झाडं हायत, त्यातलं वाकडं ते. त्याच्या मागल्या अंगाला जुनं वारूळ हाय. तिथं.”

मी मान हलवली.

“श्रावणात ये. रजा काढून ये,” त्या म्हणाल्या. “रजाच काढायची, नोकरी सोडायची नाय. मी गाव सोडून हिकडे यायची नाय, आणि तुम्ही पुण्यात येऊन तरी मला काय रोज दिसणार होतात? हिथं तुझा जीव रमलाय. राहा.”

“आई...”

“रडू नको, तो बघतोय. आणि त्याला सांगू नको.”

त्या आत गेल्यावर निनाद म्हणाला, “काय म्हणाली आई एवढं?”

“पुण्याला नाही म्हणून कळव म्हणाल्या.”

तो काचेकडे वळला. मग हळूच विचारलं, “आणखी काय म्हणाली?”

“आणखी काही नाही,” मी म्हटलं.

याला आता खूप वर्षं झाली. दर श्रावणात मी रजा काढून गावी जाते. सासूबाईंना सडा चढवत नाही. त्या ओट्यावर बसून असतात, आणि त्यांच्या शेजारी हटकून धाकट्या काकू, म्हणजे त्यांच्या जाऊबाई, माझ्या वाटेकडे डोळे लावून. मी टाळ्याचा भारा डोक्यावर घेऊन भलत्याच वाटेनं खाली येते. सासूबाई तोंडानं काही विचारत नाहीत. नुसत्या भुवया वर करतात. मी ओठांचा चंबू करते आणि सूं करून श्वास आत ओढते.

“सुनेला तुझ्या दम लागला गो,” धाकट्या काकू म्हणतात.

“लागणारच,” सासूबाई म्हणतात. “सडा काय थोडाथोडका हाय?”